फांगजी, पण कुठली?

१९९२ साली ब्रसेल्समधल्या किडनीच्या डॉक्टरांपुढे एक कोडं आलं. दोन बायका, दोघीही पन्नाशीच्या आतल्या, आणि दोघींच्या किडन्या झपाट्याने बसत चाललेल्या. किडनीचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर रक्त गाळणाऱ्या जाळ्या बऱ्यापैकी शाबूत होत्या. पण त्यांच्या मधली जागा जुन्या जखमेच्या वणासारख्या कडक तंतूंनी भरून गेली होती. इतक्या थोड्या वेळात इतका वण कशाने पडला, ते नेहमीच्या कुठल्याच कारणात बसेना. विचारपूस करता करता एक धागा मात्र जुळला. वजन कमी करायला दोघी शहरातल्या एकाच क्लिनिकमध्ये जात होत्या.

क्लिनिक काही नवं नव्हतं. पंधराएक वर्षं तिथे तसेच उपचार चालले होते आणि कुणाची किडनी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. मग बदललं काय? तर कॅप्सूलमधली पूड. १९९० पासून तिच्यात दोन चिनी वनस्पती घालायला सुरुवात झाली होती. तिथले किडनीतज्ज्ञ झाँ-लुई वानहेरवेगेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या क्लिनिकमध्ये जाऊन आलेल्या आणखी बायका शोधल्या, तेव्हा तसेच रुग्ण सापडत गेले. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हे छापलं. पुढे हा आकडा शंभराच्या वर गेला. कित्येकींना डायलिसिसवर जावं लागलं, कित्येकींना किडनी बदलावी लागली. वजन उतरवायला गेलेल्या बायका होत्या या. आजारी म्हणून कुणी तिथे गेलंच नव्हतं.

कागदावर त्या दोन्ही वनस्पती साध्या होत्या. एक मॅग्नोलियाच्या झाडाची साल. दुसरी स्टेफानिया नावाच्या वेलीची मुळी. ही वेल आपल्या गुळवेलीच्याच कुळातली, आणि चीनमध्ये तिची मुळी अंगावरची सूज उतरायला, सांधेदुखीला पूर्वापार देतात. तिच्यात टेट्रँड्रीन नावाचं द्रव्य असायलाच हवं. पण पूड तपासली तर टेट्रँड्रीनचा पत्ता नाही. त्याऐवजी निघालं अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड, जे त्या वेलीत मुळात नसतंच.

घोळ नावाचा होता. चिनी भाषेत स्टेफानियाच्या मुळीला म्हणतात हान फांगजी. आणि अ‍ॅरिस्टोलोकिया नावाच्या अगदी वेगळ्या कुळातल्या वेलीच्या मुळीला म्हणतात ग्वांग फांगजी. दोन्ही फांगजीच. चकत्या करून वाळवल्या की दिसायलाही जवळपास सारख्या. व्यापारात एकीच्या जागी दुसरी खपून जायची, आणि एकदा दळून पूड झाली की मग जाणकाराचंही काही चालत नाही. युरोपात पोचलेल्या पोत्यावर नाव एकीचं होतं आणि माल दुसरीचा.

हे वाचून चिनी व्यापाऱ्यांना नावं ठेवण्याआधी आपल्याकडे पाहावं. काष्ठौषधीच्या दुकानात जाऊन ‘ब्राह्मी द्या’ म्हणा. महाराष्ट्रात बहुतेक वेळा हातात पडते ती गोल पानांची, जमिनीसरपट वाढणारी मंडूकपर्णी. केसांच्या तेलात आपण घालतो ती. केरळातल्या वैद्याला ब्राह्मी म्हणून अपेक्षित असते ती पाणथळ जागेतली, बारीक जाड पानांची वेगळीच वनस्पती. शंखपुष्पीच्या नावाखाली तर तीन-चार झाडं नांदतात. या उदाहरणांत अजून कुणाची किडनी गेलेली नाही, इतकंच. नशीब म्हणायचं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ब्रसेल्सची गोष्ट सांगताना ती नेहमी गाळली जाते. त्या क्लिनिकमध्ये जे चाललं होतं ते चिनी वैद्यकही नव्हतं. फांगजी महिनोन्‌महिने वजन उतरवायला द्यायची, असं चिनी परंपरा कुठे सांगत नाही. भूक मारणारी आधुनिक औषधं आणि या मुळ्या एकाच मिश्रणात कोंबलेल्या होत्या. त्यामुळे ‘बघा, परंपरेचा अनुभव खोटा ठरला’ असं म्हणून हा विषय मिटत नाही. परंपरेला सोडून वापरलं म्हणून घात झाला, असं म्हणूनही मिटत नाही. कारण तैवानमध्ये जे उघडकीला आलं ते परंपरेला धरूनच होतं. तिकडे येतोच.

आधी एक साधा प्रश्न. चिनी वैद्यकाला दोन हजार वर्षांचा अनुभव आहे असं आपण म्हणतो. एवढ्या काळात ही मुळी किडनी खाते, हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

याचं उत्तर बचनागात आहे. चिनी वैद्यकात फूत्झ नावाचं एक महत्त्वाचं औषध आहे. ते बचनागाच्याच जातकुळीतल्या झाडाचं मूळ. कच्चं खाल्लं तर थोड्याच वेळात ओठ-जीभ बधिर होतात, मुंग्या येतात, हृदयाचे ठोके अडखळतात, माणूस दगावतो. इतकं ढळढळीत विष कुणाच्या नजरेतून सुटणार? चिनी वैद्यांनी ते ओळखलं आणि त्यावर तोडही काढली: मूळ खारवायचं, भिजवायचं, बराच वेळ उकळायचं. आपल्या आयुर्वेदात बचनाग गोमूत्रात किंवा दुधात शुद्ध करतात, त्यामागची दृष्टी तीच. आज रसायनशास्त्र सांगतं की लांब उकळल्याने अ‍ॅकोनिटीनचा रेणू मोडतो आणि त्याची जहाल धार पुष्कळ उतरते. म्हणजे परंपरेने जे हाताने साधलं होतं ते बरोबरच होतं. हाँगकाँगमध्ये आजही अधूनमधून फूत्झची विषबाधा होते; काढा नीट उकळलेला नसणं हे त्यामागचं एक नेहमीचं कारण.

पण समजा, एखाद्या मुळीने आज काहीच होत नाही. सूज उतरते, रोग्याला बरं वाटतं, तो वैद्याचे आभार मानून घरी जातो. आणि अठरा-वीस वर्षांनी शंभरातल्या तिघा-चौघांना मूत्रमार्गाचा कॅन्सर होतो. तोवर तो वैद्य हयात नाही, रोग्याला त्या पुड्या आठवत नाहीत, आणि ज्यांनी ती मुळी कधी घेतली नाही अशांनाही कॅन्सर होतातच. हा संबंध लावणार कोण? कितीही हुशार, कितीही प्रामाणिक वैद्य असला तरी आपल्या दवाखान्यात बसून त्याला हे दिसणार नाही. झटपट मारणारं विष अनुभवाला कळतं. संथ विष ओळखायला वही लागते, तीही हजारो माणसांची, आणि वर्षानुवर्षांची.

आता अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड नेमकं करतं काय? आपल्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएत चार अक्षरांची लिपी असते: ए, टी, जी, सी. किडनीच्या पेशींत या आम्लाचं जे रूपांतर होतं ते डीएनएतल्या ‘ए’ला घट्ट चिकटून बसतं. पेशी जेव्हा आपल्या लिपीची नक्कल करते, तेव्हा त्या चिकटलेल्या जागी तिची चूक होते आणि ‘ए’च्या जागी ‘टी’ उतरतं. चुका तर तंबाखूनेही होतात, उन्हानेही होतात. पण नेमकी ही अदलाबदल, तीही इतक्या मोठ्या प्रमाणात, दुसरं फारसं काही करत नाही. त्यामुळे गाठीतला डीएनए वाचला की चोराच्या बोटांचे ठसे सापडावेत तसा प्रकार होतो. रोग्याला काय घेतलं होतं ते आठवो न आठवो, पेशीत ते लिहिलेलं असतं.

ब्रसेल्सच्या रुग्णांत कॅन्सर दिसू लागला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी एक कठोर निर्णय रुग्णांपुढे ठेवला. ज्यांच्या किडन्या पूर्ण गेल्याच आहेत त्यांनी त्या निकामी किडन्या आणि मूत्रवाहिन्या काढून टाकाव्यात. ३९ जण तयार झाले. २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ३९ पैकी १८ जणांच्या काढलेल्या भागात कॅन्सर होता, आणि उरलेल्या २१ पैकी १९ जणांच्या पेशी बिघडायला लागलेल्या होत्या. दोघांचं अस्तर तेवढं वाचलं होतं. ज्यांनी पूड जास्त घेतली त्यांना धोका जास्त, हेही दिसलं. औषधशास्त्रात इतकं नितळ चित्र क्वचित मिळतं, आणि ते कुणाला मिळू नये.

या ठशांनी एक जुनं कोडंही सोडवलं. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठी, म्हणजे बल्गेरिया, रोमानिया, सर्बिया, बोस्निया, क्रोएशिया या भागातल्या काही विशिष्ट खेड्यांत, किडनीचा एक गूढ आजार पिढ्यान्‌पिढ्या होता. एका गावात घरटी रोगी, तर शेजारच्या गावात कुणीच नाही. पाण्यावर संशय घेऊन झाला, बुरशीवर झाला, जड धातूंवर झाला. तिथल्या गव्हाच्या शेतात अ‍ॅरिस्टोलोकियाची एक जात तण म्हणून वाढायची. कापणीत तिचं बी गव्हात जायचं, गहू दळला जायचा आणि पाव भाजला जायचा. १९६९ मध्येच एका संशोधकाने या बियांवर बोट ठेवलं होतं. पण २००७ साली अमेरिकी आणि क्रोएशियन शास्त्रज्ञांनी रुग्णांच्या पेशींत तेच ठसे दाखवले तेव्हा ते पटलं. चिनी औषधाशी या शेतकऱ्यांचा काडीइतका संबंध नव्हता. म्हणूनच या आजाराला आधी जे ‘चिनी वनौषधींचा किडनीविकार’ म्हणत, ते नाव मागे पडलं आणि आता तो त्या आम्लाच्या नावाने ओळखला जातो. नाव बदललं हे योग्यच झालं. दोष देशाचा नव्हता.

तैवानची गोष्ट मात्र वेगळी. तिथे सरकारी आरोग्य विम्यात चिनी वैद्यकही येतं. त्यामुळे कुणी कुठल्या वैद्याकडून कुठली वनस्पती किती ग्रॅम घेतली, याची नोंद आपोआप होत गेली. हीच ती वही! नोंदी चाळल्यावर दिसलं की १९९७ ते २००३ या काळात तिथल्या साधारण एक तृतीयांश लोकांना अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड असलेली किंवा असण्याची शक्यता असलेली औषधं कधी ना कधी लिहून दिली गेली होती. यात वजन उतरवायचं क्लिनिक नव्हतं. रीतसर शिकलेले वैद्य होते, ठरलेले पाठ, म्हणजे औषधांच्या कृती, होत्या. इथेही एक नावाचा घोळ होताच. मूतोंग नावाने तीन वेगवेगळ्या वेलींची खोडं विकली जात आणि त्यांतली एक अ‍ॅरिस्टोलोकिया. मूतोंग एकूण साठ ग्रॅमच्या वर ज्यांच्या पोटात गेलं, त्यांच्यात मूत्रमार्गाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं आढळलं. साठ ग्रॅम म्हणजे किती? रोज दोन-तीन ग्रॅम धरले तर काही आठवड्यांचा काढा.

तैवानने २००३ मध्ये या वनस्पतींवर बंदी घातली. चीननेही त्याच सुमारास अ‍ॅरिस्टोलोकियाचं मूतोंग बंद केलं आणि पाठोपाठ ग्वांग फांगजी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर-संशोधन संस्थेने या वनस्पती असलेल्या औषधांना माणसात निश्चित कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं. पण बंदीने जुने ठसे पुसत नाहीत. २०१७ साली तैवानमधल्या यकृताच्या कॅन्सरच्या ९८ गाठींचा डीएनए वाचला गेला, त्यात ७८ टक्के गाठींत हे ‘ए’चं ‘टी’ सापडलं. किडनीपुरता वाटलेला प्रश्न यकृतापर्यंत पोचला होता.

इतकं वाचून कुणी म्हणेल, मग सगळा झाडपाला कचऱ्यात टाका. तसं केलं असतं तर गडचिरोलीतल्या मलेरियाच्या रोग्याला आज जे औषध मिळतं ते मिळालं नसतं.

२३ मे १९६७ रोजी चीनमध्ये एक गुप्त प्रकल्प सुरू झाला. तारखेवरूनच त्याचं नाव पडलं ‘५२३’. व्हिएतनामच्या जंगलांत गोळीपेक्षा मलेरियाने सैनिक जास्त आडवे होत होते आणि जुनी औषधं लागू पडत नव्हती. बीजिंगच्या तू यूयू यांच्याकडे जुन्या ग्रंथांतून औषध शोधायचं काम आलं. त्यांच्या गटाने सुमारे दोन हजार पाठ गोळा केले, शेकडो अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाव नावाच्या, आपल्या दवण्याच्या गोतातल्या वनस्पतीने थोडी आशा दाखवली आणि पुन्हा निराशा केली. एकदा गुण यायचा, पुढच्या वेळी नाही.

तेव्हा तू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातल्या ग हुंग या वैद्याने लिहून ठेवलं होतं: मूठभर छिंगहाव घे, दोन मापं पाण्यात भिजव, पिळून रस काढ आणि सगळा पी. त्यांना खटकलं ते यात नसलेलं एक क्रियापद. ‘उकळ’ असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. चिनी औषध म्हणजे उकळलेला काढा हे इतकं अंगवळणी पडलेलं की सगळे उकळतच होते, आणि उष्णतेने औषधच मरत असावं. मग त्यांनी जेमतेम ३५ अंशांना उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ ला १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातले मलेरियाचे जंतू शंभर टक्के संपवले. रोग्यांना देण्याआधी तू आणि दोन सहकाऱ्यांनी तो अर्क स्वतः घेतला. या कामासाठी २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या कथेचा पोवाडा ‘प्राचीन ज्ञानाचा विजय’ म्हणून गायला जातो. मला त्यातली दोन कडवी जास्त महत्त्वाची वाटतात. एक म्हणजे इथेही नाव फसवं होतं. छिंगहाव म्हणून एकाहून जास्त वनस्पती चालतात आणि आर्टेमिसिनिन हे द्रव्य त्यांतल्या एकीतच असतं, तेही पानांत, आणि योग्य हंगामात तोडली तर. दुसरं म्हणजे ग्रंथाने पाठ दिला, पण शेकडो पाठांतला हा एक खरा हे उंदराने आणि रोग्याने सांगितलं. बाकीचे पाठही त्याच परंपरेतले, तितकेच जुने होते. आजही त्या पानांचा चहा मलेरियावर घ्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. पानागणिक औषधाचं प्रमाण बदलतं. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात. गडचिरोलीत आशाताईच्या पिशवीत असते ती गोळी: मोजून घातलेलं आर्टेमिसिनिनच्या कुळातलं द्रव्य, आणि सोबत दुसरं एक औषध.

सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची, गोष्ट तर याहून नाट्यमय. १९७०च्या सुमारास ईशान्य चीनमधल्या हार्बिनच्या डॉक्टरांच्या कानावर आलं की खेड्यातला एक वैदू कॅन्सरवर काहीतरी देतो. त्यात तीन गोष्टी होत्या: सोमल, पाऱ्याचं एक भस्मासारखं लवण आणि बेडकाचं विष. झांग तिंगदोंग आणि सहकाऱ्यांनी एकेक करून त्या वेगळ्या केल्या. पाऱ्याची गरज नव्हती. बेडकाच्या विषाने रक्तदाब चढायचा, गुण काही यायचा नाही. काम करत होता सोमल, आणि तोही सगळ्या कॅन्सरवर नाही, रक्ताच्या कॅन्सरच्या एका विशिष्ट प्रकारावर. आज त्या प्रकारात सोमल आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या नात्यातलं एक औषध एकत्र देतात. २०१३ साली युरोपातल्या चाचणीत दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता ठणठणीत होते. जुन्या केमोथेरपीत ८६ टक्के. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने महागड्या उपचारांना पर्याय म्हणून नुसत्या सोमलावर रुग्ण बरे करून दाखवले. पण हा सोमल शिरेतून देतात, मिलिग्रॅमात मोजून, हृदयाचा आलेख पाहत पाहत. त्या वैदूच्या पुडीत विषही होतं आणि औषधही. वेगळं काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

मग राहिलेल्या शेकडो चिनी औषधांचं काय? त्यांच्यावर चीनमध्ये हजारो चाचण्या झाल्या आहेत. अडचण आकड्याची नाही, त्या चाचण्या कशा केल्या त्याची आहे. औषध कुणाला मिळालं आणि खोटी गोळी कुणाला, हे रोग्याला आणि डॉक्टरला कळता कामा नये, तरच निकालाला अर्थ. पण कडू, वासाचा काढा आणि त्याच्यासारखाच दिसणारा-लागणारा खोटा काढा करणं सोपं नाही. कित्येक लेखांत रुग्णांची विभागणी कशी केली हेच लिहिलेलं नसतं. आणि ज्या चाचणीत काही गुण दिसला नाही ती बऱ्याचदा छापलीच जात नाही. १९९८ साली एका अभ्यासात अ‍ॅक्युपंक्चरच्या जगभरच्या चाचण्या देशवार लावल्या, तेव्हा चीनमधून आलेली झाडून सगळी होकारार्थी निघाली. शाळेचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागला तर आपण पेपर कोणी तपासले ते विचारतोच ना?

आता चित्र थोडं पालटतंय. तोंगशिनलुओ नावाची एक चिनी कॅप्सूल आहे. तिच्यात जिनसेंगबरोबर जळू, विंचू, झुरळाच्या जातीचे किडेही असतात. हृदयविकाराचा मोठा झटका आलेल्या ३,७९७ रुग्णांवर १२४ रुग्णालयांत तिची चाचणी झाली, हुबेहूब खोट्या कॅप्सूलशी तुलना करून. नेहमीचे उपचार दोन्हीकडे चालू होते. महिन्याभरात मृत्यू, पुन्हा झटका वगैरे मोठे प्रसंग ओढवले ते कॅप्सूल घेणाऱ्यांत ३.४ टक्क्यांना, खोटी घेणाऱ्यांत ५.२ टक्क्यांना. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकाने हे छापलं. मी हे वाचून विंचू खायला धावणार नाही. चीनबाहेर कुणीतरी ते पुन्हा करून दाखवायला हवं, आणि इतक्या घटकांतला कामाचा कोणता तेही कळायला हवं. पण प्रश्न विचारायची रीत ती हीच.

भेसळीचा मुद्दा यातून वेगळा काढावा लागतो. अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरवर ‘पीसी-स्पेस’ नावाचं आठ वनस्पतींचं मिश्रण विकलं जायचं. रुग्णांना गुण यायचा, रीतसर चाचण्याही सुरू झाल्या होत्या. मग कुणीतरी कॅप्सूलची रासायनिक तपासणी केली. आत निघालं काय? कृत्रिम स्त्री-संप्रेरक, रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि एक वेदनाशामक. २००२ मध्ये ते बाजारातून गेलं. गुण येत होता हे खरंच होतं, फक्त तो वनस्पतींचा होता की नाही हे आता सांगता येणार नव्हतं. एखाद्या ‘शुद्ध हर्बल’ पुडीने दोन दिवसांत गुडघे थांबले तर मला आनंदाआधी शंकाच येते.

आणि शुद्ध, अस्सल, नाव बरोबर असलेली वनस्पतीसुद्धा शरीरात गप्प बसत नाही. चिनी पाठांत जवळजवळ मिठासारखं पडणारं एक मूळ आहे, गानत्साव. म्हणजे आपलं ज्येष्ठमध. घसा बसला की आपण कांडी चघळतो, त्याने काही होत नाही. पण रोज, भरपूर, महिनोन्‌महिने घेतलं तर त्यातलं द्रव्य किडनीतल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं. शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम गमावतं, रक्तदाब चढतो, पायात गोळे येतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. रक्तदाबाची गोळी चालू असूनही दाब का उतरत नाही, या कोड्याचं उत्तर कधीकधी काढ्याच्या भांड्यात सापडतं. दानशेन हे चिनी मूळ वॉरफरिनचा जोर वाढवतं; ज्याच्या हृदयाची झडप बदललेली आहे त्याला त्याने रक्तस्राव होऊ शकतो.

अ‍ॅरिस्टोलोकिया आपल्या कोकणातही आहे. ईश्वरी म्हणतात तिला, कुठे सापसंद. साप चावल्यावर तिचं मूळ उगाळून द्यायची चाल होती. कॉमन रोझ, क्रिमसन रोझ या फुलपाखरांच्या अळ्या तिचीच पानं खाऊन वाढतात आणि ते आम्ल अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. पक्ष्यांना कळतं, कारण त्यांना ते लगेच कळतं.

कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांकडे काविळीचे सहा रुग्ण आले. समान धागा गुळवेल. त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: ही गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असेल तर? पुढे देशभरातल्या केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद झाली आणि वाद रंगला. मला त्या वादात मंत्रालयाचा प्रश्न अगदी योग्य वाटला. फक्त तो काढा पिण्याआधी विचारायचा प्रश्न होता. तिकडे फांगजी, इकडे गुळवेल. पुडीत नेमकं काय आहे, हे पुडी संपल्यावर विचारलं जातं.

ब्रसेल्समध्ये उलगडा झाला कारण क्लिनिकच्या चिठ्ठ्या होत्या आणि उरलेली पूड तपासायला मिळाली. तैवानमध्ये झाला कारण विम्याच्या कचेरीत ग्रॅमची नोंद होती. आपल्याकडे ओपीडीत काय होतं ते कुठल्याही बाकावर बसून ऐकावं.

“आजी, रक्तदाबाच्या गोळीशिवाय दुसरं काही औषध घेता का?”

“नाही हो डॉक्टर, काही नाही.”

“काही म्हणजे काहीच नाही ना?”

“औषध कसलं... सुनेने तो काढा सुरू केलाय ना, तेवढाच. सकाळ-संध्याकाळ.”

“कशाचा?”

आजी सुनेकडे बघतात. सून मोबाइल काढून मेसेज शोधू लागते.